शोधणाऱ्याचा शब्द

इन्स्टाग्रामवर दुकान मांडलेल्या, रील टाकणाऱ्या किंवा नुसती कविता पोस्ट करणाऱ्या कोणालाही हॅशटॅगबद्दलचा सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो. थोडे गर्दीचे घ्या, थोडे मधले, थोडे अगदी नेमके; ट्रेंडमध्ये काय चाललंय ते पाहा; स्वतःचा एक खास हॅशटॅग तयार करा आणि प्रत्येक पोस्टखाली तो चिकटवत राहा. या सगळ्या सल्ल्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते : हॅशटॅग हे लिहिणाऱ्याच्या हातातले साधन आहे आणि आपला आवाज लांबवर नेणे हे त्याचे काम. हॅशटॅगचा जेमतेम दोन दशकांचा इतिहास या गृहीतकाला फारसा दुजोरा देत नाही. अडीअडचणीला जे हॅशटॅग खरोखर कामी आले, ते बहुधा कोणी डोके लढवून घडवलेले नव्हते. लोक ज्या शब्दाभोवती आधीच जमू लागले होते तो कोणाच्या तरी नजरेला पडला आणि त्याने तो उचलला, एवढेच. निवड चांगली की वाईट हे शोधणाऱ्याच्या बाजूने ठरते, असे माझे म्हणणे आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हा प्रश्न संगणकाच्याही आधीचा आहे. बॉस्टन अथेनियम या ग्रंथालयाचे ग्रंथपाल चार्ल्स अ‍ॅमी कटर यांनी १८७६ साली ग्रंथतालिका तयार करण्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यात मांजरांविषयीच्या एका पुस्तकाचे उदाहरण आहे. लेडी कस्ट यांचे हे पुस्तक कोणत्या शीर्षकाखाली नोंदवायचे? प्राणिशास्त्र, सस्तन प्राणी, पाळीव प्राणी, यातले काहीच चूक नाही. कटरनी मात्र ते ‘मांजर’ या शीर्षकाखालीच नोंदवायला सांगितले. मांजराविषयी वाचायला आलेला माणूस तालिकेत प्राणिशास्त्र उघडून बसत नाही. तालिकाकाराच्या सोयीपेक्षा वाचकाची सोय आधी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे मद्रासमध्ये एस. आर. रंगनाथन यांनी १९३१च्या आपल्या पाच सिद्धांतांत वाचकाचा वेळ वाचवणे हाच एक सिद्धांत करून टाकला. आता वाचकाचा शब्द कोणता हे ओळखणे सोपे असते तर हे सगळे सांगावेच लागले नसते. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना पाककृती, विकायच्या वस्तू, मजकूर संपादनाच्या आज्ञा अशा साध्यासुध्या गोष्टींना आपापल्या मनाने नाव द्यायला सांगितले. दोन माणसांनी एकाच गोष्टीला एकच शब्द योजण्याची शक्यता २० टक्क्यांच्याही खाली निघाली. म्हणजे मला सहज सुचलेला शब्द समोरच्यालाही सुचेल, हा हिशेब पाचांत चार वेळा चुकतो. हॅशटॅगच्या निवडीतली सगळी अडचण या एका आकड्यात आहे.

‘#’ ही खूण इथपर्यंत कशी आली याची हकिकत लांबलचक आहे, पण इथे तिचे दोनच टप्पे महत्त्वाचे. १९६८च्या सुमारास अमेरिकेतल्या बटणांच्या टेलिफोनवर शून्याच्या दोन्ही बाजूंना तारा आणि हॅश अशी दोन जादा बटणे आली, आणि तोवर कारकुनी वहीखात्यांत वावरणारी ही खूण घरोघर पोचली. दुसरा टप्पा १९८८चा. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची व्यवस्था लिहिली. तिथे खोल्यांच्या नावाआधी हॅश लावायची पद्धत पडली. खोलीत शिरायला तिचे नाव लिहावे लागे, त्यामुळे नाव साधे आणि ओळखीचे असणे भागच होते. इकडे २००३ साली डिलिशियस आणि २००४ साली फ्लिकर या संकेतस्थळांनी लोकांना आपापल्या दुव्यांवर आणि छायाचित्रांवर मनाला येईल ती चिठ्ठी लावायची मुभा दिली. कटरच्या काळी जे काम प्रशिक्षित ग्रंथपाल करत, ते आता रस्त्यावरचा कोणीही करू लागला. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवले की गटांसाठी शब्दाआधी हॅश लावायची पद्धत पाडली तर कसे, तेव्हा त्यांनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. आयआरसीतली खोली आणि फ्लिकरवरची चिठ्ठी एक झाली. मेसिना ट्विटरचे नोकर नव्हते. कंपनीतल्यांना ही कल्पना संगणकवेड्यांच्या कामाची वाटली होती, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. दोन-तीन दिवसांत स्टो बॉइड यांनी तिला ‘हॅशटॅग’ हे नाव दिले, पण नाव मिळाले म्हणून वापर वाढला असे काही झाले नाही.

तो वाढला दोन महिन्यांनी, वणव्यामुळे. ऑक्टोबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या आसपास एकाच वेळी अनेक ठिकाणी आग पेटली आणि लाखो लोकांना घरे सोडावी लागली. क्वालकॉम स्टेडियमचे आश्रयस्थान झाले. नेट रिटर नावाचा एक स्थानिक माणूस ट्विटरवर कुठली वस्ती रिकामी करतायत, कुठला रस्ता बंद आहे, अशा बातम्या एकामागून एक टाकत होता. मेसिनांनी ते पाहिले आणि त्याला हॅशटॅग लावायला सुचवले. पण कोणता? मेसिनांनी स्वतःच्या मनाने शब्द जुळवला नाही. फ्लिकरवर लोक वणव्याचे फोटो कोणत्या चिठ्ठीखाली टाकतायत ते त्यांनी पाहिले. तिथे ‘सॅनदिएगोफायर’ हा जोडशब्द आधीच चलनात होता, आणि तोच हॅश लावून ट्विटरवर आला. त्या काळी ट्विटर बरेचसे एसएमएसवर चाले. एखादा शब्द ‘ट्रॅक’ला लावला की तो असलेले संदेश थेट फोनवर येत, आणि त्यासाठी सगळ्यांनी अक्षरशः एकच शब्द लिहिणे आवश्यक होते. या हॅशटॅगमध्ये चमक नाही, विनोद नाही, कोणाचा ब्रँड नाही. गाव आणि आपत्ती, बस. लेडी कस्टचे पुस्तक ‘मांजर’खाली ठेवणाऱ्या कटरना तो नक्कीच पसंत पडला असता.

वर्षभराने मुंबईत याची दुसरी बाजू दिसली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये चकमकी चालू असताना ट्विटरवर लोक ‘#मुंबई’ या हॅशटॅगखाली जमले. तिथे रुग्णालयांचे फोन नंबर होते, रक्तदानाची आवाहने होती, नातेवाइकांची विचारपूस होती. पण शहराचे नुसते नाव हे फारच ऐसपैस शीर्षक आहे. दूरचित्रवाणीवर दिसणारे तेच पुन्हा टाकणारे, जगभरातून हळहळ व्यक्त करणारे, अफवा पुढे ढकलणारे, सगळे एकाच खोलीत शिरले. जेजे रुग्णालयाला कोणते रक्त हवे आहे हे शोधणाऱ्याला त्या लोंढ्यातून वाट काढावी लागली. लोकांचा शब्द घ्यायचा हे खरे, पण तो नेमका हवा, ही कटरच्या नियमातली दुसरी अट इथे पाळली गेली नाही. त्यात दोष कोणाचाच नव्हता. अशा घटकेला अट घालणार कोण?

मग जुलै २००९ मध्ये ट्विटरने हॅशटॅगला दुवा जोडला. शब्दावर क्लिक केले की तो असलेले सगळे संदेश समोर. त्याच सुमारास पानाच्या कडेला ‘ट्रेंड्स’ची यादी स्थिरावली आणि तिथून हॅशटॅगची चाल बिघडली, असे मला वाटते. आतापर्यंत शोधणारा माणूस शब्द घेऊन येत होता. आता यादी त्याच्यापुढे शब्द ठेवू लागली, आणि यादीत शिरणे हाच अनेकांचा उद्योग झाला. जून २००९ मध्ये इराणच्या निवडणुकीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते तेव्हा हॅबिटॅट या ब्रिटिश फर्निचर दुकानाच्या खात्यावरून इराणी नेते मुसावींच्या नावाचा हॅशटॅग लावून दुकानाची जाहिरात झाली. कंपनीला माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी ट्विटरने ट्रेंडच्या यादीतली जागाच विकायला काढली आणि पहिले गिऱ्हाईक ‘टॉय स्टोरी ३’ हा चित्रपट होता. २०१२च्या जानेवारीत मॅकडोनल्ड्सने ‘#मॅकडीस्टोरीज’ हा हॅशटॅग पैसे मोजून वर चढवला. गिऱ्हाइकांनी गोड आठवणी सांगाव्यात ही अपेक्षा, आणि लोकांनी सांगितल्या त्या अळ्यांच्या आणि उलट्यांच्या. काही तासांत मोहीम गुंडाळली गेली. या फजितीचे वर्णन नेहमी ‘मोहीम उलटली’ असे केले जाते. खरे तर त्या शीर्षकाखाली शोधायला जावे असे कोणाला काही कारणच नव्हते. ओस पडलेल्या जागेत पहिल्यांदा टवाळच शिरणार.

आणि ट्रेंडची यादी लोकप्रियता मोजते हाही गैरसमजच. ती अचानकपणा मोजते. २०१० साली ट्विटरने हिशेबाची पद्धत बदलली ती, जस्टिन बीबरचे नाव बारमाही यादीत ठाण मांडून बसले होते म्हणून. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट आंदोलकांना याचा उलटा अनुभव आला. त्यांचा हॅशटॅग दररोज वाढत होता, तरी न्यूयॉर्कच्या यादीत दिसेना, आणि कंपनी गळचेपी करते आहे असा संशय पसरला. आकडे तपासणाऱ्यांना साधे उत्तर सापडले : तो सावकाश, सलग वाढला होता, यादीला उसळी हवी असते. ज्या हॅशटॅगखाली लोक रोज येतात तो यादीच्या लेखी शिळा, आणि जो तासाभरात फुगून फुटतो तो ताजा. ‘ट्रेंडमधले हॅशटॅग वापरा’ हा सल्ला देणारे या यंत्रणेचा स्वभाव लक्षात घेत नाहीत.

यावर हरकत घेतली जाईल, आणि ती वजनदार आहे. जगातले सर्वांत परिणामकारक हॅशटॅग घडवलेलेच तर आहेत. ‘#ब्लॅकलाइव्हजमॅटर’, ‘#मीटू’, ‘#ब्रिंगबॅकअवरगर्ल्स’, हे कोणाच्या तरी लेखणीतून उतरले. लोकांच्या शोधात ते आधी कुठे होते? एकेकाची कथा पाहिली तर चित्र बदलते. ‘मी टू’ हे शब्द टराना बर्क २००६ पासून अत्याचारपीडित मुलींसोबतच्या कामात वापरत होत्या. १५ ऑक्टोबर २०१७ रोजी अभिनेत्री अलिसा मिलानोने हेच दोन शब्द उत्तरादाखल लिहा असे आवाहन केले, तेव्हा त्या संदेशात हॅशची खूणच नव्हती. ती लोकांनी लावली. नायजेरियातल्या चिबोकहून पळवलेल्या मुलींसाठीची घोषणा आधी सभेत दिली गेली, आणि ती ऐकून अबुजातल्या इब्राहिम अब्दुल्लाही या वकिलाने तिला हॅशटॅगचे रूप दिले. ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’ जुलै २०१३चे. पण पहिले वर्षभर ते तुरळकच दिसे. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउनला पोलिसाने गोळी घातली तेव्हा लोक प्रथम जमले ते ‘#फर्ग्युसन’खाली, म्हणजे गावाच्या नावाखाली, आणि मोठ्या घोषणेला बळ मिळाले ते तिथून. वॉल स्ट्रीटचा हॅशटॅग हा मात्र अपवाद मानायला हवा. तो अ‍ॅडबस्टर्स या मासिकाने बसून तयार केला होता. तरीही त्यात जागा सांगितली होती आणि सोबत तारीख दिली होती, १७ सप्टेंबर. घोषणा म्हणून तो गाजला हे खरे, पण आधी तो पत्ता होता. एवढे मान्य करतो की घडवलेला शब्द चालू शकतो. तो चालतो तेव्हा त्यामागे बोललेली, गायलेली, रस्त्यावर आलेली माणसे आधीपासून असतात. विपणनाच्या पुस्तकांत ही यादी यशस्वी मोहिमांची उदाहरणे म्हणून छापतात तेव्हा नेमका हाच भाग गळतो.

शोधणाऱ्याच्या शब्दाचे महत्त्व सरकारी यंत्रणांना व्यापाऱ्यांच्या आधी उमगले, हे जरा नवलच. फिलिपाइन्सच्या सरकारने २०१२च्या पुरांच्या वेळी ठरावीक हॅशटॅग जाहीर केले. सुटकेची हाक ‘#रेस्क्यूपीएच’खाली, मदतसाहित्य ‘#रिलीफपीएच’खाली, आणि शाळांना सुटी आहे का हे ‘#वालांगपासोक’खाली. हा शेवटचा शब्द टागालोगमधला. मुले आणि त्यांचे पालक पावसाळी सकाळी नेमके हेच विचारतात. संयुक्त राष्ट्रांच्या मदतसमन्वय कार्यालयाने २०१४ साली आपत्तीतल्या हॅशटॅगसाठी प्रमाणपद्धतीच सुचवली. मुंबईत महापालिका आपल्या सूचना ‘#मायबीएमसीअपडेट्स’खाली देते. पण पावसाळ्यात सगळे शहर जमते ते ‘#मुंबईरेन्स’खाली, आणि तिथे हिंदमाता परिसरातले कमरेएवढे पाणी आणि मरीन ड्राइव्हवरची कणसे शेजारी शेजारी नांदतात. २९ ऑगस्ट २०१७ला शहर बुडाले तेव्हा आमच्या घरी या, जेवा, राहा, अशी आमंत्रणेही याच गर्दीत होती. घराची गरज असलेल्याला ती सापडायची कशी?

मराठीत निवडीचा प्रश्न आणखी अवघड होतो, आणि त्याचे पहिले कारण लिपी. हॅशटॅग कुठे संपला हे संगणक एका नियमाने ठरवतो. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या नियमाला अक्षर आणि बिगर-अक्षर एवढेच कळे. युनिकोडमध्ये क, म, र ही अक्षरे, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही सगळी जोडचिन्हे, वेगळ्या वर्गात. त्या नियमाने ‘#मराठी’ हा शब्द काना येताच तुटतो आणि निळ्या अक्षरांत उरते ते ‘मर’. मातृभाषेच्या अभिमानाची याहून क्रूर थट्टा कोणी ठरवून केली नसती. हे दोष पुढे दुरुस्त झाले. देवनागरी हॅशटॅग आता बहुतेक ठिकाणी धडपणे चालतात, आणि मराठी ट्विटर संमेलनात ‘#ट्विटरसंमेलन’खाली लोकांनी कविता आणि बोलीभाषा मनसोक्त मांडल्या. दुसरे कारण मात्र आपले आपणच निस्तरायचे आहे. २७ फेब्रुवारीचे, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाचेच घ्या. तो मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन १ मेला. दरवर्षी २७ फेब्रुवारीला ‘#मराठीभाषादिन’, ‘#मराठीभाषागौरवदिन’, ‘#मराठी_भाषा_गौरव_दिन’ आणि चुकून ‘#मराठीराजभाषादिन’ही वापरले जातात. वाचणाऱ्याला सगळे एकच वाटतात. संगणकाच्या लेखी या चार वेगळ्या खोल्या आहेत. अधोरेषेच्या एका खुणेनेसुद्धा भिंत उभी राहते. इंग्रजीत निदान मोठ्या आणि छोट्या लिपीचा भेद यंत्र मानत नाही, आणि शब्द कुठे तुटतो हे दाखवायला मोठी लिपी हाताशी असते. तीही नीट वापरली नाही तर काय होते हे एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर वारल्यावर दिसले : इंग्रजीतला सलग लिहिलेला हॅशटॅग ‘थॅचर’ या नावाच्या मधोमध तोडून वाचणाऱ्यांनी गायिका शेरला जिवंतपणीच श्रद्धांजली वाहिली. देवनागरीत मोठी लिपी नाही, म्हणून लांब जोडशब्दाला अधोरेषा लावायचा मोह होतो, आणि मग कोणी लावतो, कोणी नाही. त्यात रोमन लिपीची भर. गणपतीच्या दहा दिवसांत मराठी माणूसच ‘गणपती’ कधी एका स्पेलिंगने लिहितो कधी दुसऱ्या, आणि ‘गणेशोत्सव’चे स्पेलिंग तर मंडळागणिक बदलते. अशा वेळी नवा, सुबक शब्द काढणे म्हणजे पाचवी खोली बांधणे. आधी चारही खोल्यांत डोकावून कुठे माणसे आहेत ते पाहावे, आणि तिथलेच लेखन, आपल्याला शुद्धलेखनाच्या दृष्टीने खटकले तरी, उचलावे.

दुसरी हरकत अशी की हा सगळा वाद आता कालबाह्य झाला. इन्स्टाग्राम एका पोस्टला तीस हॅशटॅग लावू देई. २०२१ साली त्यांनीच तीन ते पाच पुरेत असे सांगितले. हॅशटॅगने पोस्ट फारशी लांब जात नाही असे इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी बोलून दाखवत आले आहेत, आणि हॅशटॅग ‘फॉलो’ करण्याची २०१७ साली दिलेली सोय २०२४च्या अखेरीस काढून घेतली गेली. एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, जून २०२५ पासून जाहिरातींत हॅशटॅगला बंदी केली. चित्रात काय आहे आणि मजकूर कशाबद्दल आहे हे यंत्र स्वतःच ओळखू लागल्यावर चिठ्ठीची गरज काय? प्रसाराचे साधन म्हणून हॅशटॅग निकामी होत चालला आहे, यात वाद नाही. पण यंत्राला विषय कळतो म्हणजे शोधणाऱ्याला उत्तर सापडते असे होत नाही. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत पुण्यात, नागपुरात, दिल्लीत लोक ट्विटरवर खाटा, प्राणवायू आणि रेमडेसिव्हिर शोधत होते. विषय यंत्राला पूर्ण कळलेला होता, आणि तरी शोधाच्या निकालात मागणाऱ्यांचीच रीघ लागे, देणारा सापडत नसे. लोकांनीच त्यावर तोड काढली. खाट किंवा सिलिंडर खरोखर उपलब्ध आहे याची फोन करून खात्री करणाऱ्याने ‘व्हेरिफाइड’ हा शब्द लिहायचा. शोधणाऱ्याने शहर, वस्तू आणि हा शब्द एकत्र टाकायचे, आणि ‘हवे आहे’ असे म्हणणारे संदेश शोधातून वजा करायचे. हॅशची खूण कोणी लावली, कोणी नाही, त्याने काही अडले नाही. असा तयार शोध एका दाबासरशी लावून देणारी पाने तरुण मुलांनी रातोरात बांधली. थोड्याच दिवसांत संपलेले साठे आणि भामट्यांचे फोन नंबरही ‘व्हेरिफाइड’च्या शिक्क्याने फिरू लागले, तेव्हा स्वयंसेवक त्या शब्दापुढे फोन केल्याची वेळ लिहू लागले : सकाळी ११.३०, दुपारी ४.१५.